शूर्पणखेचीं नखें

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही आमच्या नातवास रामकथा सांगत बसलों होतों. कथा लंकेच्या वेशीशीं येऊन ठेपली होती. रावणाचे सेनापति एकामागून एक रणांगणांत उतरत होते, आणि आम्ही त्यांचीं नांवें मोठ्या आवेशानें उच्चारीत होतों : धूम्राक्ष, वज्रदंष्ट्र, प्रहस्त, महोदर, विरूपाक्ष, मकराक्ष. कुंभकर्णास जागें करण्याच्या प्रसंगावर आलों, तेव्हां चिरंजीवांनीं आम्हांस मध्येंच थांबविलें आणि विचारलें, “आजोबा, राक्षसांच्या आयांना चांगलीं नांवें सुचत नव्हतीं का हो? बाळ जन्मल्यावर कोणती आई त्याला मडक्याएवढ्या कानांचा म्हणून हांक मारील?”

घरांतील मंडळी हंसली. आम्हीही हंसलों. परंतु अंथरुणावर पडल्यावर तोच प्रश्न डोक्यांत घोळूं लागला, आणि त्याच्या मागोमाग एक जुनी आठवण, जिला आम्ही सहसा वर येऊं देत नाहीं, तीही उठून बसली. त्या आठवणीकडे आम्ही येणारच आहों. तत्पूर्वीं मुलाच्या प्रश्नाचा थोडा विचार करूं.

प्रथमदर्शनीं त्याचें म्हणणें खरें वाटतें. लंकेतील नांवांची यादी काढून पाहिली तर ती सैन्याची हजेरी न वाटतां वैद्यकाच्या वर्गांतील शरीराचा तक्ता वाटते. धूम्राक्षाचे डोळे धुराचे, मकराक्षाचे मगरीचे, विरूपाक्षाचे वेडेवांकडे. वज्रदंष्ट्राच्या दाढा वज्राच्या, प्रहस्ताचे हात लांब, महोदराचें पोट मोठें. शूर्पणखेच्या नवऱ्याचें नांव विद्युज्जिह्व. त्याची जीभच मुळीं विजेची. अशोकवनांत सीतेभोवतीं ज्या राक्षसी बसविल्या होत्या, त्यांत कोणी एकजटा, कोणी दुर्मुखी, कोणी चंडोदरी, कोणी अजामुखी. खुद्द लंकापतीचें मूळचें नांव दशग्रीव, आणि उत्तरकांडांत असें सांगितलें आहे कीं, तें त्यास त्याच्या बापानेंच, विश्रवा ऋषीनें, त्याच्या दहा माना पाहून ठेविलें. ‘रावण’ हें नांव मागाहून आलें. कैलासाखालीं हात चिरडले तेव्हां त्यानें जी आरोळी फोडली, तीवरून तें शंकरांनीं दिलें.

म्हणजे निदान एका राक्षसापुरतें मुलाच्या प्रश्नास ग्रंथांत उत्तर आहे. परंतु बाकीच्यांचीं बारशीं कोणीं केलीं? आमच्या मतें तीं गोष्ट सांगणारांनीं केलीं. आणि गोष्ट सांगणारा नेहमीं समुद्राच्या अलीकडच्या तीरावर उभा असतो. रात्रीं आडरानांत वाघ समोर आला असतां त्याचें सबंध रूप कोणाच्याही ध्यानांत राहत नाहीं. राहतात ते दोन डोळे. कुत्रा अंगावर धांवून आला तर पुढें जन्मभर आठवतात ते दांत. भय सगळें पाहूं देत नाहीं. तें एखादा अवयव तेवढा उचलतें, तो फुगवितें, आणि मग त्यालाच नांव समजून हांका मारूं लागतें. धूम्राक्षाला डोळ्यांखेरीज नाक होतें कीं नाहीं, त्याला कोणी मूल होतें कीं नाहीं, घरीं कोणी वाट पाहत होतें कीं नाहीं, हें त्या नांवांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

हा सिद्धांत एवढ्यावर संपवितां आला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. परंतु आमच्याच देवघरांत त्यास बाध येतो. गणपतीचीं नांवें पाहा. एकदंत, लंबोदर, वक्रतुंड, गजानन, शूर्पकर्ण! सूप तेंच. राक्षसीच्या नखांस तें लागलें तर मूल आईच्या पदराआड दडतें. देवाच्या कानांस लागलें तर तेंच मूल दूर्वांची जुडी घेऊन पुढें होतें. महोदर रावणाच्या सैन्यांत आहे, आणि महोदर हें गणपतीचेंही एक नांव आहे. विरूपाक्ष लंकेच्या बाजूनें लढून मेला. आणि त्याच विरूपाक्ष नांवानें हंपीस तुंगभद्रेच्या कांठीं शंकराची पूजा शेंकडों वर्षें चालत आली आहे. वानरसेनेंतही हाच प्रकार. सुग्रीव म्हणजे सुंदर मानेचा. मानेपुरतें पाहिलें तर त्याचें नांव दशग्रीवाच्या नांवाचें सख्खें भावंड आहे. मारुतीस हनुमान म्हणतात तें जबड्यावरून. इंद्राचें वज्र लागून त्याची हनुवटी मोडली, त्याची खूण त्या नांवांत राहिली. मोडक्या जबड्याचें नांव एखाद्या राक्षसास किती शोभलें असतें! पण आपण तें मोठ्या भक्तीनें घेतों आणि शनिवारीं त्याला तेल वाहतों.

उलट बाजूनें पाहावें तर नांवानें उग्र आणि मनानें मऊ अशींही माणसें लंकेंत आहेतच. बिभीषण या शब्दाचा अर्थ भय उत्पन्न करणारा. तो तर रामाचा मित्र. त्रिजटा सीतेच्या पहाऱ्यावरील राक्षसींपैकींच; पण रामाच्या विजयाचें स्वप्न तिलाच पडतें आणि सीतेला धीर येतो तो तिच्याच बोलण्यानें. कुंभकर्ण झोंपेसाठीं प्रसिद्ध. परंतु जागा झाल्यावर तो भावाला प्रथम त्याची चूक सांगतो, आणि मग त्याच भावासाठीं मरावयास जातो. तेव्हां अवयवावरून नांव पडणें हें मुळांत वाईट नव्हे. प्रीतीही अवयवच पाहते. आई तान्ह्या मुलाचें नाक, जिवणी, टाळू वेगवेगळीं निरखीत बसते. भक्त देवाच्या चरणांपासून मुकुटापर्यंत एकेका ठिकाणीं दृष्टि ठरवितो. फरक असलाच तर तो पाहणारा किती दूर उभा आहे याचा. पोट दोन्हीकडे सारखेंच मोठें. जवळ बसलेल्यानें त्यास लंबोदर म्हटलें, पळतां पळतां मागें वळून पाहणारानें चंडोदरी म्हटलें.

ही खोड एकट्या आपल्या पुराणिकांची आहे असें मात्र कोणी समजूं नये. ग्रीकांच्या कथांतील गुहेंत राहणारे माणूसखाऊ राक्षस ‘सायक्लॉप्स’ या नांवानें ओळखले जातात, आणि त्या शब्दाचा अर्थ वाटोळ्या डोळ्याचे असा आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानें १६९७ सालीं आपल्या बायकांचे खून करणाऱ्या एका श्रीमंत गृहस्थाची गोष्ट छापली. त्या गृहस्थास दुसरें नांवच नाहीं, निळी दाढी हेंच त्याचें नांव. इयन फ्लेमिंग याच्या १९५९ सालच्या इंग्रजी कादंबरींतील सोन्याचा लोभी खलपुरुष ‘गोल्डफिंगर’, म्हणजे सोन्याच्या बोटाचा. या शेवटच्या नांवाची हकीकत मननीय आहे. तें लेखकानें केवळ कल्पनेंतून काढलेलें नव्हतें. एर्नो गोल्डफिंगर नांवाचे हंगेरींत जन्मलेले एक वास्तुशिल्पज्ञ लंडनमध्यें खरोखरच राहत होते. आपलें आडनांव एका खलपुरुषास दिलें जात आहे असें कळतांच त्यांनीं वकील गांठला. प्रकरण कोर्टापर्यंत न जातां मिटलें, पुस्तक त्याच नांवानें निघालें, आणि १९६४ मध्यें त्याचा चित्रपट होऊन तें नांव जगभर गेलें. कल्पित राक्षस सुखी. त्याला आपलें नांव ऐकूं येत नाहीं. तें ज्या जिवंत माणसास जाऊन चिकटतें, त्याला तें रोज ऐकावें लागतें. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें येथूनच सुरू होतें.

आमच्या लहानपणीं आमच्या घरीं वडिलांची एक चुलतबहीण असे. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचें कपाळ पांढरें झालें आणि ती माहेरीं परत आली ती कायमची. आम्ही सारीं मुलें तिला आत्या म्हणत असूं. घर मोठें, खाणारीं तोंडें पुष्कळ. निवडणें, पाखडणें, दळणें, कांडणें हें सर्व तिच्याकडे. सकाळचीं भांडीं आवरलीं कीं ती मागच्या पडवींत सूप घेऊन बसे, ती ऊन उतरेपर्यंत. तांदूळ आसडतांना तिच्या सुपाचा जो एक ताल लागे, त्यावर आम्हीं कित्येक दुपारीं झोंपा काढल्या आहेत. तिचीं नखें मात्र पाहण्यासारखीं नव्हतीं. राखेनें, पाण्यानें आणि चुलीच्या आंचेनें तीं जाड, पिंवळसर व खडबडीत झालीं होतीं. उजव्या अंगठ्यावर कधीं काळीं मुसळ बसलें होतें. त्याचें नख मधोमध चिरलेलें आणि चांगलें दुप्पट रुंद वाढलेलें होतें.

एका चातुर्मासांत आमच्या ओटीवर श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ लागला होता. पुराणिकबुवांचा आवाज पहाडी आणि सांगण्याची हातोटी मोठी रसाळ. पंचवटीचा प्रसंग आला, तेव्हां बुवा म्हणाले, “शूर्प म्हणजे सूप, बरें का मंडळी! सुपाएवढीं नखें जिचीं, ती शूर्पणखा.” मग लक्ष्मणानें तिची नासिका छेदली म्हणून त्या क्षेत्रास नाशिक म्हणूं लागले, ही लोकांत चालत आलेली कथाही त्यांनीं रंगवून सांगितली. मोठीं माणसें माना डोलवीत होतीं. आमचें वय तेव्हां नऊ वर्षांचें. खांबाला टेकून आम्हीं समोर पाहिलें, तों बायकांत आत्या बसलेली, आणि मांडीवर तिचे ते हात. सूप आणि नखें यांची सांगड आमच्या डोक्यांत त्याच क्षणीं बसली, आणि आपणांस कांहीं विशेष सुचलें असें वाटून आम्ही त्या रात्रीं फार आनंदांत झोंपलों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आत्यानें आम्हां मुलांस पोह्यांसाठीं हांक मारली. ती पडवीच्या दारांत उभी होती आणि तिच्या हातांत सूप होतें. आम्ही खांबाआडून ओरडलों, “पळा रे पळा, शूर्पणखा आली!” मुलें किंचाळत अंगणांत पळालीं. माजघरांत एकच हंशा झाला. काकू हंसली, आई हंसली, झोंपाळ्यावर बसलेले वडीलही हंसले. “पोरगें मोठें चलाख आहे,” असेंही कोणीसें म्हणालें. आणि आत्या? तीही हंसली. “बरें हो, शूर्पणखा तर शूर्पणखा, पोहे कोणाकोणाला हवेत तें सांगा,” असें म्हणून तिनें वाट्या भरल्या. तिच्या हंसण्यांत आम्हांस आमचा विजय तेवढा दिसला.

‘एकदां नांव कानफाट्या पडलें कीं पडलें’ अशी आपल्याकडे म्हण आहे. कान फाडून त्यांत मुद्रा घालणें हा नाथपंथी जोग्यांच्या दीक्षेचा मान. पण गृहस्थांच्या तोंडीं त्या मानाची निंदा झाली, आणि निंदा अशी कीं ती कांहीं केल्या पुसत नाहीं. आत्याचें तसेंच झालें. आठ दिवसांत नांव शेजारीं गेलें, महिन्याभरांत आळींत गेलें. पुढें आम्ही शिक्षणासाठीं शहरांत राहिलों, तेव्हां चुलतभावांच्या पत्रांत ‘शूर्पणखेचा खोकला आतां बरा आहे’ असा मजकूर येई. कोणाच्याही मनांत विष नव्हतें, हें आम्ही शपथेवर सांगूं. घरच्या थट्टेंत विष नसतें, म्हणूनच तिच्यावर कोणी उतारा शोधीत नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्हीं त्या लहान वयांतही पाहिली होती. तिचा अर्थ तेवढा आम्हांस लागला नव्हता. त्या दिवसानंतर आत्या वाढतांना बोटें मुडपून घेऊं लागली. पोळी वाढावयाची तर ती ताटाजवळ वांकून मुठीनेंच सरकवी. पंगतीला पाहुणे असले तर वाढावयास येतच नसे. कीर्तनास बसली कीं दोन्ही हात पदराखालीं जात. सूप हातीं असतांना मात्र तिचा इलाज चालत नसे. बोटें उघडल्यावांचून सूप धरतां येत नाहीं.

अर्थ लागला तो वीस-बावीस वर्षांनीं. गणेशचतुर्थीस आम्ही नोकरीच्या गांवाहून घरीं आलों होतों; बरोबर आमची तीन वर्षांची मुलगी होती. आरती झाली. आत्यानें ताटांतला एक मोदक उचलला आणि मुलीपुढें हात केला. मुलीनें त्या हाताकडे पाहिलें, “शूप्पणखा!” म्हणून किंकाळी फोडली, आणि आमच्या पायांस मिठी मारली. तिला हें कोणीं शिकविलें होतें? तिच्या मोठ्या चुलतभावंडांनीं. त्यांना त्यांच्या बापांनीं, आणि त्या बापांना आम्हीं. आत्या क्षणभर हात पुढें करून तशीच उभी राहिली. मग तिनें मोदक पाटाच्या कडेला ठेविला, दोन पावलें मागें सरली आणि म्हणाली, “घेईल हो ती मागाहून. मी आंत गेल्यावर घेईल.” मखरांत शूर्पकर्ण बसले होते. त्यांच्या कानांस आमची मुलगी मुळींच भ्याली नव्हती.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं विमलसूरींचें ‘पउमचरिय’ आमच्या वाचनांत आलें. ही जैन परंपरेंतील रामकथा. तिची भाषा जैन महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या वडिलधाऱ्या नात्यांतली. तींत राक्षस हे नरभक्षक नव्हेत. तो विद्याधरांचा एक वंश आहे. दशमुखास तेथें दहा तोंडें नाहींत. बाळपणीं गळ्यांत घातलेल्या रत्नहारांत त्याच्या मुखाचीं नऊ प्रतिबिंबें दिसलीं, म्हणून तो दशमुख. आणि त्याच्या बहिणीचें नांव तेथें चंद्रनखा आहे! चंद्रासारखीं नखें जिचीं, ती चंद्रनखा. तिचा तरुण मुलगा शंबूक लक्ष्मणाच्या हातून अजाणतां मारला जातो, आणि वनांत आलेल्या त्या मातेस त्याचें प्रेत दिसतें. तिचें पुढील वर्तन निर्दोष आहे असें त्या ग्रंथाचेंही म्हणणें नाहीं. पण स्त्री तीच, भाऊ तोच, नखें तींच; नांव ठेवणारा बदलला आणि सुपाच्या जागीं चंद्र आला. मग आम्हीं वाल्मीकि पुन्हां काढून पाहिला. पंचवटींत ती रामापुढें येते तेव्हां कवीनें दोघांचे अवयव शेजारीं शेजारीं मांडले आहेत : मुखाशीं मुख, पोटाशीं पोट, डोळ्यांशीं डोळे, केसांशीं केस. त्या तुलनेंत नखांचा उल्लेखही नाहीं. आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ तसेच बसून राहिलों, आणि त्याच आठवड्यांत गांवीं गेलों.

आत्या तेव्हां अंथरुणास खिळली होती. दुपारची वेळ, घर निजलें होतें. तिचीं नखें फार वाढलीं होतीं. हात पांघरुणाबाहेर काढण्याची तिला संवयच उरली नव्हती, त्यामुळें तें कोणाच्या ध्यानांत आलें नसावें. आम्हीं कोमट पाण्याचें भांडें आणि नराणी आणून ठेवली व म्हटलें, “आत्या, हात दे पाहूं.”

“नको रे. चांगले नाहींत ते,” ती म्हणाली.

तरी आम्हीं हात धरला. नखें पाण्यांत भिजत होतीं तोंवर आम्हीं तिला चंद्रनखेची हकीकत सांगितली. खरें पाहतां आम्हांस क्षमा मागावयाची होती. परंतु पन्नाशी उलटलेला, चार लोकांत विद्वान म्हणून मिरविणारा माणूस क्षमाही मागतो ती ग्रंथाचा आधार पुढें करून. आत्यानें सगळें ऐकून घेतलें. थोड्या वेळानें म्हणाली, “चंद्रनखा! नांव छान आहे हो. पण सूप कांहीं वाईट नसतें रे बाळ. सुपानें कोंडा उडतो नि दाणा राहतो. नांवाचें मला कधीं वाईट वाटलें नाहीं. तुम्ही पोरें पळालांत, त्याचें वाटलें.”

आम्हांस कांहीं बोलतां येईना. आम्ही एकेक बोट पुसून नख काढूं लागलों.

“अंगठ्याचें जपून काप हो,” ती म्हणाली. “तें अजून दुखतें.”

अंगठा आम्हीं सर्वांच्या शेवटीं घेतला. तो होईपर्यंत तिला झोंप लागली होती, आणि तिचा हात आमच्या तळहातावर सबंध उघडा पडून होता. त्यानंतर ती चार महिने होती. त्या चार महिन्यांत आम्ही तिच्याकडे तीनदां गेलों. तितकी वर्षें दूर राहिल्यावर तीनदां म्हणजे फार झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

असो. नातवाच्या प्रश्नास आम्हीं दुसऱ्या रात्रीं उत्तर दिलें. आम्हीं त्यास सांगितलें कीं, राक्षसांच्या आयांनींही चांगलींच नांवें ठेविलीं असतील. गोष्ट सांगणारे पळत होते, म्हणून त्यांना तीं ऐकूं आलीं नाहींत. त्यानें थोडा विचार केला व विचारलें, “मग कुंभकर्णाला त्याची आई काय म्हणत असेल?”

“बाळ म्हणत असेल,” आम्ही म्हणालों.

त्याचें समाधान झालें असावें. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेत तो म्हणाला, “बरें, मग तो उठला का? पुढें सांगा.”